राजरत्नचे शेवटचे तीन शब्द

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. पहाटे आवाजाचा रियाज, चहात साखर बंद, राजरत्नवरचा राग बंद.

७.४०
चहा साखरेचाच प्यालो. मालनने आधीच घातली होती, ओतून कोण देणार? बायको असून एवढं कळू नये.

४ नोव्हेंबर, मंगळवार
स्पर्धेच्या नाटकाचे कागद मिळाले. नाटक नाही, चार कागद. आमची दिग्दर्शिका वैदेही, वय सव्वीस, नाट्यशास्त्राची डिग्री, चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. म्हणते, नाटक विलायतेतलं, चारशे वर्षांपूर्वीचं. तेव्हा नटाला पूर्ण नाटक देत नसत. फक्त स्वतःची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे तीन शब्द. आपणही तसंच करायचं. एकत्र तालीम नाही, प्रत्येकाची तिच्यासोबत वेगळी. सगळे एकमेकांना भेटणार थेट प्रयोगात. मी सांगितलं, बाई, आपल्या जुन्या नाटक कंपन्यांत याला नक्कल म्हणायचे, मला शिकवू नका, पंचवीस वर्षं तोंडाला रंग लावतोय. तर म्हणते, मग तुम्हाला सोपं जाईल, काका.
काका! त्रेपन्न हे काय वय आहे?
माझी भूमिका दिवाणाची. समोर सरदार कोण, तर राजरत्न. आमचं नऊ वर्षं बोलणं नाही. आणि आता माझ्या प्रत्येक वाक्याआधी त्याचेच तीन शब्द. मुद्दाम केलंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार
नक्कल नीट वाचली. माझी वाक्यं: "मी तुझ्या भल्यासाठीच सांगतो." "हे कुणाजवळ बोलू नकोस." "मला यातून काय मिळणार आहे?" किती निर्मळ माणूस! नायक मीच. राजरत्नचे तुकडे: "तरी नाव सांग", "भावाला सोडणार नाही", "आता कुठे जाऊ". भांडखोर, संशयी, शेवटी रडका. तो त्याला शोभेल.
मसूर निवडता निवडता मालनने चारही कागद वाचले. म्हणाली, "ह्यो माणूस काय बरो दिसत नाय." तिला नाटकातलं काय कळतं? माझ्या मागच्या तीन प्रयोगांत झोपली होती.

१० नोव्हेंबर, सोमवार
लालबागला आमच्या नाट्यमंडळाच्या खोलीत माझी तालीम. प्रत्येक वाक्याला छातीवर हात ठेवतो, ते का, असं वैदेहीने विचारलं. म्हटलं, सज्जनपणा. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, अगदी असंच ठेवा. चला, पोरीला अक्कल आहे.
पण नायकाला स्वगत नाही. विचारलं, तर म्हणते, दिवाणाला स्वतःशी बोलायची सवय नाही. याचा अर्थ काय? घरी येऊन चाळीस ओळींचं स्वगत स्वतः लिहिलं, तिला पाठवलं. उत्तर एका शब्दाचं: नको. राजरत्नला मात्र दोन स्वगतं आहेत, असं नेपथ्यवाल्या हितेंद्रकडून कळलं. सगळं राजकारण.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मंडळात पुन्हा कुजबुज आहे म्हणून एकदाच लिहून ठेवतो. नऊ वर्षांपूर्वी राजरत्न नायक होता. प्रयोगाला तीन दिवस असताना स्पर्धेच्या समितीला निनावी पत्र गेलं, की या माणसाने मालिकेत पैसे घेऊन काम केलंय, तो हौशी नट नाही. त्याचं नाव कटलं. मंडळाची लाज राखायला ती भूमिका मला करावी लागली. नशिबाने सगळी पाठ होती.
पत्रात खोटं काहीच नव्हतं. एक दिवस का होईना, हवालदार म्हणून उभा होताच ना? पत्र डाव्या हाताने लिहिलेलं होतं म्हणे. त्या महिन्यात मी डाव्या हाताने लिहायचा सराव करत होतो, तो मेंदूसाठी. संबंध नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
ऑफिसात, आमच्या फणसवाडीत सगळ्यांना सांगून झालं, मुख्य भूमिका आहे. मालन येते म्हणाली, ते ऐकून बरं वाटलं. प्रमाणपत्र तिच्यासमोर घ्यायचंय.
शेवटचं पान अप्रतिम. तो: "एवढंच सांग मला." मी: "सांगण्यासारखं काही नाही." केवढा हा विनय! किंचित हसून म्हणणार, हात छातीवर.

२९ नोव्हेंबर, शनिवार
रियाज बंद, शेजाऱ्यांना संगीताचं वावडं. साखर चालू. राग प्रयोगानंतर सोडेन.

१ डिसेंबर, सोमवार. ऑफिस, लंच टाइम
काल प्रयोग झाला.
पहिल्याच प्रवेशात छातीवर हात ठेवून "मी तुझ्या भल्यासाठीच सांगतो" म्हटलं आणि हॉल हसला. हसणं चांगलं नव्हतं. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मेल्याचो खोटेपणा बघ." आवाज मालनचा.
राजरत्नची वाक्यं मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकत होतो. माझ्या सांगण्यावरून त्याने सख्ख्या भावाला घराबाहेर काढलं होतं, आणि आता तोच एकटा पडला होता. माझ्या नकलेत त्यातलं फक्त "आता कुठे जाऊ" होतं.
शेवटी तो अगदी जवळ आला. "तू मागितली असतीस तर माझी जागासुद्धा दिली असती. मग हे का केलंस, एवढंच सांग मला."
माझं वाक्य येईना. वैदेहीने विंगेतून तीनदा सांगितलं. तोंड उघडलं नाही. पडदा पाडला.
अभिनयाचं दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र मला. परीक्षक म्हणाले, खलनायकाची ती शांतता भेदक होती. वैदेही म्हणाली, पूर्ण नाटक दिलं असतं तर तुम्ही व्हिलन केला असता, मला स्वतःला चांगला समजणारा माणूस हवा होता.
रंगपटात राजरत्न मिशी काढत होता. नऊ वर्षांनी बोलला. "दौलत, ते पत्र तूच लिहिलं होतंस ना?"
मी म्हटलं, "सांगण्यासारखं काही नाही."
आरशातूनच माझ्याकडे बघत तो म्हणाला, "आत्ता आठवलं होय वाक्य."
मालन दारातच उभी होती. तिने ऐकलं.
आज सकाळी चहात साखर नव्हती. मी मागितली नाही.