माझ्या अपुऱ्या अभ्यासाची वारस

मी, समाजशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, सध्या वृद्धनिवासाच्या वरच्या मजल्यावर राहणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते आहे. गुडघे गेले असले तरी डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो मी कधी चालवूनही घेतला नाही.

१. माझा फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक मुलाच्या.

२. आमच्या माजी विभागप्रमुखांनी ग्राउंडेड थिअरीला, म्हणजे मुलाखतींतून सिद्धांत उभा करायच्या माझ्या पद्धतीला, आयुष्यभर 'गप्पांचं शास्त्र' म्हणून हिणवलं. त्यांना माझा टेपरेकॉर्डर द्यावा. एकदा तरी कोणाचं तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.

३. वृद्धनिवासातली माणसं तक्रार का करत नाहीत, हा माझा अभ्यास सगळ्या मुलाखतींसह माझ्या विद्यार्थिनीला. मी तिला लाडानं 'गोचीड' म्हणते, कारण धरलेलं सोडत नाही. आमच्या पद्धतीत उत्तर आधी ठरवायचं नसतं. बोलणं वाक्यागणिक सुटं करायचं, नावं द्यायची, एकमेकांशी ताडून पाहायचं. पहिल्या मुलाखतींतून 'हतबलता' हे नाव निघालं आणि त्यावरचं माझं पुस्तक छापखान्यात गेलं. गोचीड मात्र नव्या माणसांकडे जातच राहिली. एक शिवणकाम करणाऱ्या आजी तिला म्हणाल्या, "मी कुरकुर केली की लेक रजा टाकून धावत येते. कशाला तिच्या जिवाला घोर?"

गोचीड माझ्याकडे आली. "मॅडम, ह्या हरलेल्या नाहीत. लेकरांना जपताहेत."

मी पुस्तक परत आणलं. सिद्धांत माणसांच्या बोलण्यातून वर येतो आणि नवं बोलणं आलं की मुकाट्यानं बदलतो, ही या पद्धतीची शान आहे. ती शान मी या मुलीत पाहिली. मला तिचा फार अभिमान वाटतो.

४. माझी आठवण म्हणून जुनं पुस्तक छापायचा मुलाचा विचार आहे. सक्त मनाई.

५. गोचिडीनं नुकतीच माझीही मुलाखत घेतली. ती अभ्यासात धरावी आणि मुलानं जरूर ऐकावी. मी फोनवर "मजेत आहे" म्हटलं की तो पुन्हा पुन्हा "नक्की ना?" विचारतो. आईला इथं आणून सोडलं, हे त्याला आतून खातं. उद्या हा अभ्यास वाचून त्याला वाटेल, आईसुद्धा आपल्याला जपतच होती. म्हणून शपथेवर लिहिते: बाळा, मी तुला जपत नव्हते. मला इथं खरंच आवडतं. आणि गोचीड, हे तुझ्या सिद्धांतात बसत नसेल, तर सिद्धांत बदल.

मी खालील दोन साक्षीदारांसमोर आणि त्यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार: निवासातल्या परिचारिका (सही)
शेजारच्या खोलीतले निवृत्त घड्याळजी (सही)

लिहून देणार: (सही)
स्थळ: वृद्धनिवासाची वाचनखोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१९