पळसाची आई

अप्पा,

आईला मी जाळलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला जो काही आरडाओरडा करायचाय तो करून घ्या आणि मग पुढचं नीट ऐका. आई आश्विनात गेली, सकाळी, चहा पिऊन कप माझ्या हातात देता देता. मी पंखा बंद केला, तिच्या पापण्या मिटल्या, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली जास्तीची उशी सरकवली. मग फोन घेतला. पहिला नेत्रपेढीला, दुसरा मेडिकल कॉलेजला आणि तिसरा धाकट्याला, इंदूरला. ह्या क्रमाचा त्याला अजून राग आहे. पण डोळे थोड्या तासांत काढावे लागतात, मुलगा काय, संध्याकाळी पोचला तरी मुलगाच असतो. एवढं सगळं होईपर्यंत मी रडले नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, बघा, सायन्स शिकवून शिकवून पोरीचं काळीज दगडाचं झालं. म्हणा खुशाल. रडायचं ते मी नंतर न्हाणीघरात रडले, नळ मोठा सोडून.

तुम्हाला आठवतंय का, मी नववीत होते आणि आईच्या लोणच्याच्या बरणीत बेडूक घालून आणला होता? दुसऱ्या दिवशी शाळेत आमचं प्रॅक्टिकल होतं. सायन्सचे मास्तर म्हणजे इथल्या मराठी मंडळींतलेच, तुमच्याच मांडवात सत्यनारायणाला बसणारे. त्यांनी सांगितलं होतं, ज्याला मिळेल त्याने घेऊन या. तुम्ही पूजा आटोपून स्वयंपाकघरात येता, आणि बरणीतून दोन डोळे तुमच्याकडे बघतायत. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तुम्ही ओरडलासुद्धा नाहीत. एवढंच म्हणालात, ‘ह्याला विचारलंस?’ मी हसले. म्हटलं, बेडकाला काय विचारायचं अप्पा? तुम्ही म्हणालात, ‘मी पळसाचं पान तोडताना झाडाला विचारतो. तू जिवंत जीव कापायला निघालीस आणि विचारत नाहीस. मग शिकतेस तरी काय?’ बेडूक विहिरीपाशी सोडून दिलात, मला डोक्यावरून अंघोळ करायला लावलीत, आणि आई बिचारी बरणीसाठी हळहळत राहिली, कारण त्या बरणीत पुन्हा लोणचं घालणं तिच्याच्यानं होईना. दुसऱ्या दिवशी शाळेत मी दुसरा बेडूक कापला. त्याचं एवढंसं हृदय बाहेरच्या हवेत धडधडताना पाहिलं आणि तिथेच ठरवलं, आपण हेच शिकायचं. पण तुमचा प्रश्न काही गेला नाही. पुढे इतकी वर्षं पोरांना शिकवताना चिमटा हातात घेतला की आधी तो ऐकू यायचा. हे श्रेय तुम्हाला देते. उगाच फुगू नका, पुढे ते काढूनही घेणार आहे.

आता बबीन्याच्या छावणीतला तो फौजी आठवा. आपल्याकडचाच, साताऱ्याकडचा पोरगा, बर्फात गाडला गेला आणि शोधूनही मिळाला नाही. त्याचे वडील आणि बायको तुमच्याकडे आले. सासऱ्यांना धड बोलता येत नव्हतं. ती पोरगी माझ्याहून फार मोठी नसेल, डोक्यावरचा पदर दातांत धरून बसली होती. तुम्ही म्हणालात, देह मिळाला नाही तर आपण करू. पहाटे चिरगाँवच्या रस्त्याला जाऊन पळसाची पानं आणलीत, झाडाला विचारून. देठ निवडायचं काम माझं. दर्भावर तुम्ही एक एक देठ मांडत गेलात. हे हात, ह्या बरगड्या, हे पाय. लोकरीच्या धाग्याने बांधलंत, वरून जवाच्या पिठाचा लेप दिलात, डोक्याच्या जागी नारळ. डोळ्यांच्या कवड्या मी ठेवल्या, आणि चुकून पालथ्या ठेवल्या. तुम्ही हळूच सरळ केल्यात. ‘चीर वर पाहिजे. त्याला आंधळा धाडतेस काय?’ आणि मग त्या पोरीला म्हणालात, ‘हाच तो. हात लाव, बाळ.’ तिने पानांच्या त्या हाताला हात लावला आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. अप्पा, मला देव मानता आला नाही, पण त्या दिवशी तुम्हाला मी मानलं होतं.

म्हणून तर मास्तर गेले तेव्हा तुमचा एवढा राग आला. मी तेव्हा नुकती शाळेत शिकवायला लागले होते. मास्तरांनी देह मेडिकलला द्यायचा असं लिहून ठेवलं होतं, तसा तो दिला गेला, आणि त्यांची बायको आपल्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘गुरुजी, तुम्ही त्या फौजीचं केलंत तसं ह्यांचं पळसाचं करा, माझ्या मनाचं समाधान होईल.’ तुम्ही पाटावरून उठलासुद्धा नाहीत. ‘त्या मुलाचा देह मिळाला नव्हता, वहिनी. ह्यांचा आहे, आणि हौसेने दिलाय. असलेला देह टाकून पानांचा करायचा ही देवाची फसवणूक आहे. माझ्याच्यानं होणार नाही.’ ती बाई तशीच मागे फिरली. मी तुमच्याशी भांडले, तुम्ही ग्रंथ काढून दाखवलात, मी म्हटलं ग्रंथ मिटा आणि तिच्या तोंडाकडे बघा. त्यानंतर आपण कितीतरी दिवस एकमेकांशी फक्त आईमार्फत बोलत होतो. तुम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट आता सांगते. सुतक संपेपर्यंत आई रोज मास्तरांच्या घरी जेवणाचा डबा पोचवत होती, तुम्ही देवळात गेलात की. मला म्हणाली होती, त्यांना सांगू नकोस, त्यांचंही बरोबर असेल, पण बाई उपाशी आहे.

तुम्ही गेल्यावर आईला मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि ही आमची म्हातारी समोरच्या गच्चीवरचं वाळवण ओळखून दाखवायला लागली. ‘मुगोडी आहे ती, सांडगे नव्हेत.’ एक दिवस मेथी निवडता निवडता म्हणाली, ‘त्या डॉक्टरीणबाई शिकल्या कशावर गं?’ मी म्हटलं, सगळेच डॉक्टर आधी मेलेल्या माणसाच्या शरीरावर शिकतात. ‘कुणाच्या?’ मी म्हटलं, जो देईल त्याच्या, नाहीतर बहुतेक वेळा बेवारशी. म्हणाली, ‘म्हणजे ज्यांच्या वतीने नाही म्हणायला कुणी नाही, त्यांच्या. तुझ्या बेडकासारखं.’ मग सगळी मेथी निवडून झाल्यावर म्हणाली, ‘माझा द्या. मला विचारायला नको, मीच सांगतेय. डोळेसुद्धा घ्या, एवढ्या खटपटीने चांगले केलेत.’ मीच तिला परत परत विचारलं. म्हटलं, अप्पांना काय वाटेल? तर म्हणते, ‘त्यांना वाटायचं ते आयुष्यभर वाटून झालं. आता मला काय वाटतं ते करा.’ ऐकलंत? तुमच्यापुढे कधी मान वर न करणारी तुमची बायको हे म्हणाली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

नेत्रपेढीवाले दुपारच्या आत डोळे घेऊन गेले. संध्याकाळी धाकटा आला तेव्हा कॉलेजची गाडी दारात उभी होती. तो आईच्या पायाशी बसला, मग उठून दारात आडवा हात धरून उभा राहिला. ‘ताई, आईला तिथे पोरं कापणार. तुला कळतंय का काय करतेयस? अप्पांचं नाव आहे ह्या गावात!’ शेजारची चाची आली, ती तर आईला कुठे नेताय म्हणून छाती पिटायला लागली, ‘काय बिन्नू, अम्मा खों कितै लै जा रये?’ गाडीवाला भैया घड्याळ बघत होता. मी म्हटलं, ‘अप्पांचं नाव अप्पांबरोबर गेलं. हा देह आईचा आहे, तिने तो दिलाय, आणि तू तिचा मुलगा असशील तर हात खाली घे.’ इतकं कठोर मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. त्याने हात खाली घेतला, पण लहान मूल बोलतं तसं बोलला, ‘मला तिला अग्नी द्यायचा होता गं.’ आईला गाडीत चढवलं. कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या सरांना मी विचारून घेतलं होतं, पोरं कशी वागवतात म्हणून. ते म्हणाले, पहिल्या दिवशी सगळे टेबलाभोवती गप्प उभे राहतात, हात जोडतात, शपथ घेतात. मी म्हटलं, छान, आणि ज्याने चेष्टा केली त्याला माझ्याकडे पाठवा.

पण धाकट्याचं ते वाक्य घरात घोंघावत राहिलं. गणपतीच्या देवळातल्या नव्या गुरुजींना फोन केला, आईचं पळसाचं कराल का म्हणून. पोरगेलेसे आहेत, गोड बोलतात. म्हणाले, ‘ताईजी, हे विधीत बसत नाही. बॉडी तर अव्हेलेबल आहे ना?’ तुमचंच वाक्य, फक्त जरा नवे कपडे घातलेलं! माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, ठीक आहे, देठ निवडायला मला येतंच. चिरगाँवच्या रस्त्याला गेले, तुमचीच झाडं, इथले लोक ज्यांना छेवला म्हणतात ती. विचारलं झाडाला. हो, विचारलं, हसू नका. घरी येऊन फरशीवर दर्भ पसरला आणि धाकट्याला समोर बसवलं. एक एक देठ मांडत गेले. हात मांडले तेव्हा तो म्हणाला, डावा जरा वाकवून ठेव, तिचा दुखायचा. मग वाकवून ठेवला.

आता तुमच्या त्या ‘देवाच्या फसवणुकी’चं उत्तर. दधीचीची गोष्ट मी सांगणार नाही, ती सगळेच सांगतात. तुमच्याच अंगणातलं सांगते. तो फौजी देशासाठी गेला, त्याचा देह घरी आला नाही, तुम्ही पानं मांडलीत. आई शिकणाऱ्या पोरांसाठी गेली, तिचा देह घरी येणार नाही, मी पानं मांडली. पोरक्या झालेल्या माणसाला समोर हात लावायला काहीतरी हवं असतं, एवढाच त्या विधीचा अर्थ मला कळतो, आणि तो तुम्हीच त्या पोरीला ‘हात लाव, बाळ’ म्हणताना मला शिकवलात. देवाला फसवायची मला काय गरज? तो असलाच तर त्याला मेडिकल कॉलेजचा रस्ता ठाऊक असेल. आणि विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, हाही तुमचाच धडा. तुम्ही झाडाला विचारलंत, बेडकासाठी रागावलात, आणि एका माणसाने न मागता स्वतःला देऊ केलं तर त्याच्याकडे पाठ फिरवलीत! मास्तरांच्या बाबतीत तुम्ही चुकलात, अप्पा. साफ चुकलात. तेव्हाही म्हटलं होतं, आज परत म्हणते.

बेतवेच्या काठी धाकट्याने अग्नी दिला. तिथला माणूस म्हणाला, बाई मंत्र म्हणणार? मी म्हटलं, हो, तुम्हाला येत असतील तर तुम्ही म्हणा. तो बाजूला झाला. ते शब्द मला सगळे येत होते. लहानपणापासून कानावर पडून मुरलेले. ‘लोणच्यासारखे’ असं लिहिणार होते, पण नको, ती बरणी अजून आपल्यात आहे. एकच गोष्ट मी तुमच्यासारखी केली नाही. नारळावर डोळ्यांच्या कवड्या ठेवल्या नाहीत. धाकट्याने विचारलं, ‘ताई, डोळे राहिले?’ मी म्हटलं, ‘हो, राहिलेत. इथेच.’

हे कागद मी तुमच्या पोथीच्या फडक्यात बांधून ठेवणार आहे. पाठवायचे म्हटले तर तुम्ही नक्की कुठे आहात ह्यावर आपलं एकमत कधी झालंच नसतं. आता जे लिहितेय ते धाकट्याला सांगितलेलं नाही. डोळा म्हणजे काय ते मी जन्मभर फळ्यावर काढून शिकवलं. दुसऱ्याला बसवतात तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा, खिडकीच्या काचेसारखा. त्यातून ज्याला बसवला तोच बघतो, देणारा बघत नाही. हे मला पक्कं माहीत आहे, आणि कुणी वेगळं बोललं तर मी त्याला वर्गाबाहेर काढीन. तरी हल्ली सदर बाजारात भाजी घेताना मी समोरच्याच्या डोळ्यांत जरा जास्तच वेळ बघते. काल एका बाईने विचारलं, ‘क्या हुआ बहनजी, पहचानती हो क्या?’ मी म्हटलं नाही, आणि घरी येईपर्यंत मागे वळून बघत राहिले.