परीक्षकाच्या वजनाएवढं मीठ

आदरणीय एमिलमामा,

नमस्कार. तुमचं हृदय डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या चालीनं चालतंय ना? कानांची चौकशी करत नाही. ते पिकांवर फवारणी करायच्या तुमच्या विमानांच्या इंजिनांनी कधीच नेले, आणि म्हणूनच हा पत्राचा उपद्व्याप. फोन केला की तुम्ही "बोल" म्हणता आणि मी तोंड उघडायच्या आत "बरं बरं" म्हणून ठेवून देता. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही (येतं, पण राहिलेलं मामी मोठ्यानं वाचून दाखवणार आहेत. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय). मामींना नमस्कार सांगा. ईस्टरला त्यांनी बांधून दिलेले खसखस भरलेले ते गोड कोलाचे पाव फार छान होते, पण घरच्यांना विचारू नका, कारण घरापर्यंत ते पोचलेच नाहीत. आणि टोमॅटोची रोपं इतक्यात बाहेर लावू नका. अजून एकदा तरी गोठवणारी रात्र येणार, असं माझा गुडघा म्हणतो.

हृदयापायी तुमचा उडायचा परवाना गेल्यापासून तुम्ही विमानतळावर पाऊल टाकत नाही, तेव्हा तिथली खबर मीच देते. कॉफीचं भांडं तेच आहे, आतली कॉफीही बहुधा तीच असावी. सूचनाफलकावर तुमच्या अक्षरातला कागद लावलेला आहे: पिवळं विमान विकणे आहे. त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. (लिंकनहून एकजण बघायला आला होता. त्यानं चाकाला लाथ मारून पाहिली. घोडा विकत घेताना माणूस घोड्याला लाथ मारतो का? पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणालाय. झालं, एवढंच.) मी लिहिणार आहे ते माझ्या परीक्षेबद्दल.

शाळेची बस चालवणारी माझ्या वयाची बाई व्यावसायिक वैमानिकाचा परवाना काढायला निघते, यावर गावात सगळ्यांचं हसून झालेलं आहे. आतापर्यंत मी उडत होते ती हौसेनं, स्वतःच्या खर्चानं. आता उडवण्याबद्दल मेहनताना घ्यायचा, तर सरकारला माझी नव्यानं खात्री करून घ्यायची आहे. मी लोकांना सांगितलंय की उन्हाळ्यात शाळा बंद असते, तेव्हा गॅसच्या पाइपलाइनवरून उडत गळती शोधायचं काम मिळतं, त्यासाठी हवाय परवाना. हे कारण सगळ्यांना पटतं, त्यामुळे मी ते बदललेलं नाही.

मला शिकवते ती ब्रिन. वय माझ्या मुलीएवढं, अंगावर मांस म्हणून नाही, आणि आवाज मात्र थेट तुमच्या जुन्या इंजिनासारखा. बाकी सगळे प्रकार मी शिकले. खांबाभोवती आठाचा आकडा काढते, गोल गोल फिरत खाली येते. अडलं ते एकाच ठिकाणी, आणि ते कुठं हे तुम्ही ओळखलंच असेल. धावपट्टीला समांतर जायचं, पट्टीवरची पांढरी खूण बरोबरीला आली की इंजिनाचा जोर पार बंद करायचा, आणि मग नुसतं तरंगत, अर्धा वळसा घेऊन, त्याच खुणेवर येऊन टेकायचं. खुणेच्या थोडं पुढं चालतं. अलीकडे टेकलात की नापास. चुकलं तर इंजिनाला हात लावून सावरायची सोय नाही. (बस चुकून थांब्याच्या पुढं गेली तर पोरं चार पावलं मागं चालत येतात, कुणाचं काही बिघडत नाही. ही सवयच माझ्या मुळावर आली.) कधी मी खुणेवरून अशी तरंगत पुढं जायची की ब्रिन म्हणायची, "जनेल, पुढच्या गावात उतरायचंय का?" आणि कधी अलीकडच्या गवतात.

शेवटी कसंबसं जमायला लागलं. आणि मग परीक्षकांना फोन करायचा दिवस उजाडला. तुम्हाला माहीतच आहे, चाचणीच्या आधी विमानातल्या वजनाचा हिशेब परीक्षकाला करून दाखवावा लागतो, आणि त्या हिशेबात परीक्षक स्वतःही बसलेला असतो. म्हणजे एका अनोळखी, वयानं मोठ्या, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या गृहस्थाला आपण फोन करून विचारायचं, साहेब, तुमचं वजन किती? हॅगस्ट्रॉम साहेबांना तुम्ही पाहिलंय. ते दारातून आत आले की खोलीत थोडा अंधार होतो. मी आधी हवामानाबद्दल बोलले, मग मक्याच्या पेरणीबद्दल, मग त्यांच्या पत्नीच्या गुडघ्याबद्दल. शेवटी त्यांनाच दया आली. "विचारा हो," ते म्हणाले, "सगळेच विचारतात. जेवणाआधीचं सांगू की नंतरचं?" त्यांनी आकडा सांगितला. मी तो लिहून घेतला आणि कागदाकडे बघत बसले. ब्रिन दोनदा बसली असती तरी तेवढं भरलं नसतं.

आता तुम्हीच सांगा, सगळा सराव मी पिसाएवढ्या पोरीला शेजारी बसवून केलेला, आणि परीक्षेला शेजारी येणार हा डोंगर. जड विमानाचा वेग वेगळा, खाली येणं वेगळं. तेव्हा मी काय केलं, तर दुकानात जाऊन पाणी मऊ करायच्या यंत्रात घालतात ते मीठ विकत आणलं, साहेबांच्या वजनाइतकं. (दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडचं पाणी फारच जड झालेलं दिसतंय!") ब्रिन त्या दिवशी दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर होती. मी एकटीनं त्या पिशव्या उजव्या खुर्चीत रचल्या, पट्टा बांधला आणि उडाले. खाली येईपर्यंत झकास. अगदी शेवटी विमानाचं नाक उचलायला दांडा मागं ओढला, आणि तो अर्ध्यावर येऊन अडला! दोन्ही बाजूंचे दांडे एकमेकांना जोडलेले असतात हे तुम्हीच मला पहिल्यांदा सांगितलं होतं. वरची पिशवी पुढं सरकून उजव्या दांड्याला पोट लावून बसली होती. मी एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं मिठाला गुद्दे घालत उतरले. विमान तीन उड्या मारून थांबलं. पिशवी फुटली. माझ्या चपला अजून खारट आहेत.

ब्रिन गवतातून धावत आली ती ओरडतच. "मीठ आहे ते, मीठ! त्याला कळतं का मागं सरकायचं? हॅगस्ट्रॉम साहेब निदान श्वास तरी आत ओढतील!" मग ती माझ्या शेजारी पंखाच्या सावलीत बसली, आणि हळूच म्हणाली, "खरंच सांगा, मरायचा विचार नव्हता ना?" मी म्हटलं, नाही गं बाई, पास व्हायचा होता. मामा, इतके दिवस मी सगळं हसण्यावारी नेत होते, पण त्या गवतात बसल्यावर मला समजलं की मला हे किती हवंय. इतकं हवं असणं या वयाला बरं नव्हे, असंही वाटून गेलं. पुढच्या सरावाला ब्रिननं पिशव्या मागच्या खुर्चीत स्वतः बांधल्या आणि शेजारी बसून राहिली.

बुधवारी चाचणी होती. साहेब आले, हात मिळवला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "फोनवर बोललो तेव्हा बायको शेजारीच उभी होती. त्या आकड्यात आणखी एक पिशवी धरा." म्हणजे मिठाची हकीकत जिल्हाभर झालेली दिसते. मी हिशेब पुन्हा केला.

आधी तोंडी परीक्षा. त्यांनी खुर्चीत रेलून पोटावर हात ठेवले आणि अगदी सहज विचारलं, "समजा मी म्हटलं, ओमाहाला लग्नाला सोडा, मेहनताना देतो, विमान तुम्ही आणा. न्याल?"

"नाही साहेब."

"का? परवाना तर असेल तुमच्याकडे."

"विमानही मीच आणायचं, उडवायचंही मीच, आणि या हो या म्हणून गिऱ्हाइकं गोळा करायची, म्हणजे ती विमान कंपनीच झाली की. तिला वेगळी परवानगी लागते. नुसत्या परवान्यावर ते करणं गुन्हा आहे."

"बरं. समजा विमान माझंच आहे, पण मला उडवायची मनाई आहे. तुम्हाला चालक म्हणून ठेवलं तर?"

"तर येईन."

"आता कसं चालतं?"

"कारण विमान तुमचं. कुठं जायचं, कधी जायचं ते तुम्ही ठरवणार. मी फक्त तुमच्या नोकरीत."

उत्तर बरोबर होतं, पण इथं मला उठून पाणी प्यावं लागलं. साहेबांनी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. भला माणूस आहे.

तोंडी परीक्षा पास झाले. मग बाहेर आलो, तर वारा असा सुटला होता की वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आडवी ताठ, आणि फलकावरचा एक कागद उडून कुंपणाला जाऊन चिकटलेला. (दुर्दैवानं तुमचा नव्हे.) साहेब म्हणाले, "आज उडणं हे शौर्य होईल, शहाणपण नव्हे. राहिलेलं शुक्रवारी." तेव्हा मामा, मी अर्धी पास आहे. तो अर्धवळसा अजून डोक्यावर आहे. प्रार्थना करा, आणि ती चर्चमधल्यासारखी झोपेत करू नका.

मामींना पुन्हा नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

तुमची भाची,
जनेल

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं ते बरंच झालं. शुक्रवार पार पडला. मी पास झाले! खुणेच्या जरासं पुढं, धक्का न देता टेकले. इंजिन बंद केल्यावर नेहमीसारखी मागं वळून बाकाखाली बघायला लागले. साहेबांनी विचारलं, काय शोधताय? म्हटलं, झोपलेलं एखादं पोर राहिलंय का ते. बस थांबली की बघावंच लागतं. ते इतके हसले की विमान हललं. म्हणाले, "हे मात्र आमच्या नियमांत घालायला हवं."

ता. क. दुसरा. वर मिठाबद्दल एवढं पानभर लिहिलंय ते सगळं वाया गेलं, असं समजा. त्या वळशात मला मीठ आठवलं नाही, वेग आठवला नाही, ब्रिनही आठवली नाही. मी शाळेत असताना तुम्ही मला शेजारी बसवून न्यायचात आणि काचेवर बोट ठेवून म्हणायचात, "ती खूण बघ. काचेत वर सरकायला लागली तर आपण अलीकडे पडणार. खाली सरकली तर पुढं जाणार. आणि जागची हलली नाही, तर समज आपण घरी चाललोय." शुक्रवारी ती जागची हलली नाही, मामा.

ता. क. तिसरा, आणि हा मामींनी नव्हे, तुम्ही स्वतः वाचायचा. पाइपलाइनचं काम मी मागितलेलंच नाही. मागच्या हिवाळ्यात मी म्हटलं होतं, चला, तुमच्या विमानातून तुम्हाला फिरवून आणते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी काय बटाट्याचं पोतं आहे, कुणीतरी दया करून इकडून तिकडे न्यायला?" मला राग आला होता. घरी येऊन विचार केला तेव्हा पटलं की तुमचं बरोबर आहे. ज्यानं आयुष्यभर स्वतः उडवलं त्याला फुकटची फेरी नको असते. पण मालकानं आपल्या विमानावर चालक ठेवणं ही दया नव्हे, तो व्यवहार झाला. आणि मेहनताना घेणाऱ्या चालकाला कायद्यानं हा परवाना लागतो. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप केला. तेव्हा लिंकनच्या त्या माणसाला नाही म्हणून कळवा, आणि मला नोकरीवर ठेवा. पगार म्हणून कोलाचे चालतील, खसखशीचेच हवेत. कुठं जायचं ते तुम्ही सांगायचं. मी जबाबदार वैमानिक म्हणून शेजारी बसलेली असले की दांडा तुमच्या हातात राहिलेला कायद्याला चालतो, हे मी साहेबांना विचारून घेतलंय. डाव्या, मुख्य वैमानिकाच्या खुर्चीची मला सवय झालीय खरी, पण कालपासून ब्रिन मला उजवीकडून उतरायला शिकवतेय. डावी तुमची आहे.