बाबांना तुझ्याच हातचं हवं

आई,

बाबांना तपासणीला नेतेय. तुझा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

काल डॉक्टरांना तुझा प्रश्न विचारला. ते म्हणाले, खारवलेलं, करपवून भाजलेलं मांस रोज खाल्लं तर कॅन्सरचा धोका वाढतो. पण बाबांना तू केलेल्या त्या मांसानेच झाला, असं कुणीच सांगू शकत नाही. तेव्हा स्वयंपाकघराकडे पाठ फिरवून स्वतःला शिक्षा देणं आता पुरे. माझं रांधलेलं बाबांच्या घशाखाली उतरत नाही, आणि वजन आणखी घटलं तर औषधं थांबवावी लागतील.

निघताना बाबा म्हणाले, "देवापुढे रडून झालं असेल, तर तिला म्हणावं आमलेट कर."

अंडी ओट्यावर आहेत. दुपारी आम्ही येतो. तुझ्या हाताला देवानेच चव दिलीय गं, त्याने ती परत मागितलेली नाही.

तुझी ठमी