खालची हवा

शुक्रवार, १४ ऑक्टोबर २०१६

पोचलो एकदाचे! जर्मनीतल्या या आयफेल डोंगरांमधला ज्वालामुखी कधीच थंड झालाय, पण या गावात जमिनीतून गरम पाणी अजून येतं. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी राजसने आठवडाभर घर घेतलंय. मालकीणबाई फ्राऊ क्लाईन यांनी किल्ली देताना 'ल्युफ्टन, ल्युफ्टन' करून डोकं उठवलं. रोज खिडक्या उघडून हवा खेळती ठेवायची म्हणे. या लोकांना हवेचं भारी वेड! सासूबाईंना पलंग सोसत नाही, म्हणून त्यांची गादी खाली घातली. उशाशी देव आणि निरांजन.

रविवार, १६ ऑक्टोबर

राजस नेकारसुल्मला परत गेला, उद्या प्लँटमध्ये हजर व्हायचंय. निघताना आईंच्या पाया पडला. येतानाही तेच, बूट काढायच्या आधी वाकतो. मी चिडवते, देवाने तुला कंबर एवढ्यासाठीच दिलीय. सासूबाई मात्र खूश! कुंडात बसून आल्यावर गुडघे हलके झाले म्हणाल्या. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या.

सोमवार, १७ ऑक्टोबर

निरांजन टिकत नाही. तूप आहे, वात नवी आहे, वाऱ्याची झुळूकही नाही. लावलं की विझतं. सासूबाईंना त्याचं काहीच वाटत नाही. चहा पिताना सहज म्हणाल्या, हे आले होते, शेजारी झोपून होते. 'हे' म्हणजे माझे सासरे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी हसून घालवलं, पण दिवसभर जिवाला चैन नाही.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

झऱ्यापाशी गाईडने पेटती मेणबत्ती खड्ड्यात सोडली. विझली. जमिनीतून जड वायू येतो म्हणाला, खाली साचतो, उभ्या माणसाला कळतही नाही. मी धावत घरी आले. सगळ्या खिडक्या उघडल्या, फ्राऊ क्लाईनना बोलावलं. त्यांनी वायू मोजायचा मीटर आणून गादीला टेकवून बघितला. हवा स्वच्छ आहे म्हणाल्या. तेवढ्यात त्यांच्यासमोर निरांजन विझलं. त्या मीटर उचलून घाईने निघून गेल्या.

बुधवार, १९ ऑक्टोबर

खिडक्या सताड उघड्या. निरांजन स्टुलावर ठेवलं— विझलं. सासूबाई म्हणाल्या, आज हे उठून बसलेत.

मला भीती वाटतेय. त्यांना किती विनवलं, पण जागच्या हलत नाहीत. उचलायला गेले, तर कोणीतरी खाली धरून ठेवल्यासारख्या जड. राजसला फोन करून बोलावून घेतलं. तो उद्या येतोय, हे सांगितल्यावर सासूबाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, हे त्यालाच न्यायला आलेत.

गुरुवार

राजस फोन उचलत नाही. ऑटोबानवर गाडी चालवत असेल. येऊ नकोस म्हणून सांगायचंय— मीच बोलावलं. मीच.

टेबलावरही विझलं.

दुपार

पलंगावर उभी आहे. निरांजन डोक्याच्या वर धरलंय. ज्योत बारीक होतेय. सासूबाई पाय पुढे करून बसल्यात. हसताहेत.

गाडी थांबली. किल्ली— दार—

आवाज फुटत नाही, म्हणून लिहितेय. वही फेकेन त्याच्याकडे. आईंच्या पायांशेजारी आणखी दोन पाय आहेत—

राजस, वाकू न