गुरवाच्या हातची चव

प्रिय शर्विलदादा,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या डब्यात पोळ्यांच्या वर ठेवतोय, वेगळ्या पिशवीत, तेल लागू नये म्हणून. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तुझा फोन कायम तुझ्या लेकीच्या, क्षितिजाच्या हातात असतो. आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं. तरी चूक दिसली तर सांग. शुद्धलेखन तूच शिकवलंस ना. तू सातवीत होतास, मी चौथीत. गावच्या शाळेच्या ओट्यावर माझी पाटी तपासायचास आणि म्हणायचास, "जग्या, वेलांटीला घाबरू नकोस."

रियाधमध्येही बत्हा भागातल्या कामगारांच्या मेसमधून मला तूच बाहेर काढलंस, ज्याच्या नावावर माझा व्हिसा आहे त्या कफीलशी स्वतः बोललास, घरी स्वयंपाकाला ठेवलंस. हे मी विसरलेलो नाही. पहिल्याच दिवशी तू पाहुण्यांना सांगितलंस, "हा आमच्या शेजारच्या गावचा गुरव. देवळातला नैवेद्य ह्यांच्याच घरचा." मी झारा खाली ठेवला नाही. पाहुणे पोटभर जेवले. तेव्हापासून क्षितिजा मला गुरवदादा म्हणते आणि मी ओ देतो.

परवा तुझे बापू आले. त्यांनी मला ओळखलं नाही, त्याचं नवल नाही. आमच्या वाडीतल्या पोराकडे त्यांनी तेव्हाही कधी धड पाहिलं नव्हतं. जेवताना क्षितिजानं त्यांना शाळेचा प्रोजेक्ट अर्ध्या हिंदीत सांगितला. अमेरिकेत कोर्ट म्हणालं, काळी-गोरी मुलं एकाच शाळेत बसवा. तर व्हर्जिनियातल्या एका काउंटीनं सगळ्या सरकारी शाळाच बंद करून टाकल्या. पाच वर्षं. गोऱ्यांनी आपल्या मुलांसाठी खाजगी शाळा काढली, काळ्यांची मुलं घरी बसली. बापू म्हणाले, "माणसं का राक्षस! लेकरांची शाळा बंद करतात?" आणि ताट पुढे केलं. "वाढ रे. गुरवाच्या हाताला चव असते." तू ताटातून मान वर न करता म्हणालास, "जगदीश, भात वाढ." मी वाढला.

ती चव माझ्या आईची आहे, दादा. शाळेत खिचडी शिजवायला तिला नेमलं, आणि दुसऱ्याच दिवशी बापू फाटकात उभे राहून म्हणाले, "हेमलताच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत." त्यांनी जीप ठरवली आणि वरच्या वाडीची सगळी मुलं तालुक्याच्या शाळेत नेली. तू पुढच्या सीटवर होतास. मी हात केला, तू दुसरीकडे बघितलंस. त्या जीपमध्ये बौद्धवाडीच्या पोरांना जागा नव्हती. मागे उरली टोपभर खिचडी आणि आम्ही चार जण. आईनं तो टोप शाळेमागच्या खड्ड्यात नुसता उपडा केला नाही. ताटात वाढावं तसं एकेक डाव मातीत वाढत गेली. टोप रिकामा होईपर्यंत मी शेजारी उभा होतो. पुढे पट कमी म्हणून शाळेला कुलूप लागलं आणि मी चौथी पास राहिलो.

तिला अजून वाटतं, तू मला माझ्याच नावा-आडनावानं घरात घेतलंस. फोनवर म्हणते, "शर्विलबाळ चांगला निघाला." मी हो म्हणतो.

आता हे का लिहितोय ते सांगतो. काल क्षितिजा स्वयंपाकघरात आली. तिला प्रोजेक्टसाठी असा माणूस हवाय, ज्याची शाळा बंद पाडली होती. "दादा, आपका स्कूल कभी बंद हुआ था?" मी विचार करायच्या आत हो म्हणून बसलो. शुक्रवारी जेवणानंतर ती मोबाईलवर रेकॉर्ड करणार आहे. पहिले दोन प्रश्न तिनं वाचून दाखवले: तुमचं पूर्ण नाव काय, आणि शाळा कोणी बंद केली? मला झोप लागत नाही. तुझा एक फोन गेला की माझं इथलं खलास, हे मला कळतं. पण तिला मी खोटं आडनाव सांगणार नाही. कफीलला फोन करायचा असेल तर गुरुवारीच कर. करणार नसलास, तर बापूंना समोर बसव. त्या दिवशी मी खिचडी करणार आहे.

तुझाच,
जगदीश हेमलता तांबे,
बौद्धवाडी