तीन मोटरसायकली आणि एक शब्द

४ मार्च
बायकोच्या बहिणीचा दिवटा शेवटी माझ्याच गळ्यात पडला. वय एकोणीस. एका आठवड्यात तीन मोटरसायकली पळवल्या, पेट्रोल संपेपर्यंत फिरवल्या आणि रस्त्यात सोडून दिल्या. चोरीचीसुद्धा अक्कल नाही. गुन्हे कबूल करून बसलाय, आता फक्त शिक्षेवर बोलायचं. प्रत्येक मोटरसायकलीमागे एक वर्ष. तिन्ही शिक्षा एकाच वेळी चालल्या तर पोरगा वर्षात घरी. एकीला एक जोडल्या तर तीन वर्षं आत. मेहुणी रडत होती. तिला म्हटलं, निर्धास्त राहा. जन्मभर भाडेकरूंचे दावे चालवलेत, हा माझ्या हातचा मळ.

६ मार्च
माझी ज्युनियर आगाऊ आहे. म्हणे, शिक्षा ‘कॉन्करंट’ मागा सर, म्हणजे तिन्ही एकाच वेळी चालतील, कोर्टात सगळे तोच शब्द वापरतात. सगळे वापरतात म्हणूनच मी वापरणार नाही. आपल्या भाषेत शब्दांचा दुष्काळ पडलाय का? संकल्प: युक्तिवादात एकही इंग्रजी शब्द नाही. डिक्शनरी शोधली, सापडली नाही. स्वतःच शब्द घडवला. ‘एकत्रित शिक्षा’. काय वजन आहे!

९ मार्च
आरशासमोर तालीम. बायकोने विचारलं, एकत्रित म्हणजे नेमकं काय हो? हिला कायद्यातलं काय कळतंय! ज्युनियरला बजावलं, उद्या कोर्टात येऊ नकोस. मागून कोट ओढायची खोड आहे तिला.

१० मार्च, दुपारी
जिंकलो! सरकारी वकील म्हणजे निव्वळ मढं. पुटपुटला, पोराचं वय बघता दोन वर्षं पुरेत. मी उठलो. शिक्षा एकत्रित कराव्यात, म्हटलं. न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, म्हणजे बेरीज करून? माझी लय तुटत होती, म्हणून हात उडवून म्हटलं, अर्थातच! त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ना? असली संथ माणसं खुर्चीवर बसवतो कोण? नक्की, म्हटलं. विनंती शब्दशः मान्य! पोरगा माझ्याकडे टक लावून बघत होता. कृतज्ञता, दुसरं काय. निकाल पूर्ण वाचेपर्यंत थांबलो नाही, कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला.

१० मार्च, संध्याकाळी
तीन वर्षं. ज्युनियरने निकालाची प्रत टेबलावर आपटली. त्यात लिहिलंय, ‘बचाव पक्षाच्या आग्रहावरून’. आग्रह! ह्या न्यायाधीशाला साधी भाषा कळत नाही, त्याला मी काय करू? मेहुणीला फोनवर समजावलं की अपील करता येतं. तिने मध्येच फोन ठेवला. तिरसट बाई.

१२ मार्च
तुरुंगात भेटायला गेलो. पोरगा म्हणाला, काका, अपिलात तुम्ही सरकारी वकील व्हा, म्हणजे मी सुटेन. हसला नाही. ओठ फुटला होता. विचारलं, तर म्हणे पडलो. उद्धट आहे. पण मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१५ मार्च
मेहुणीने अपील परस्पर ज्युनियरकडे दिलं. खुशाल द्या. बसा कॉन्करंट कॉन्करंट करत. एका शब्दावरून एवढं आकांडतांडव करणारे नातेवाईक मी पाहिले नाहीत. जेवायची वेळ टळून गेली तरी हाक आली नाही. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन गोडीगुलाबीने म्हटलं, आज एकत्र बसू या का? बायको मान वर न करता म्हणाली, नको, एकामागून एक. तुम्ही सगळ्यांत शेवटी.